केशर वाणाची डागी पिल्लं

रंग बदलला म्हणून नक्षी बदलत नाही, हे यादगिरी दोंता आयुष्यभर भेटेल त्याला सांगत आला होता, आणि तसं सांगायचा त्याला हक्कही होता. सोलापुरात चादरींचे माग धडधडत होते त्या काळी तो जेकार्डच्या मागांसाठी कार्डं पंच करायचा. पुठ्ठ्याच्या कार्डात भोकं पाडायची. भोक असेल तिथं धागा वर उचलला जाणार, नसेल तिथं खाली राहणार, आणि अशी हजारभर कार्डं फिरली की चादरीवर मोर उमटणार. सूत लाल घाला नाहीतर हिरवं, मोर मोरच राहतो. मोराची मान मोडली तर दोष रंगाचा नव्हे, कार्डाचा. तसला तुकडा बाजूला फेकायचा. त्याला डागी माल म्हणत.

पुढं माग बंद पडले. परदेशी सरपटणारे प्राणी परवाना काढून पाळायचा कायदा झाला आणि रिकाम्या शेडांमध्ये साप आले. सोलापूरचं ऊन बोआला मानवतं. बोआ म्हणजे अजगराच्या कुळातला, दक्षिण अमेरिकेकडचा, विष नसलेला जाडजूड साप. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. त्याच्या पाठीवर ओळीनं गडद पट्टे असतात आणि ते दोन्ही कुशींवर उतरतात, म्हणून पाळणारे त्यांना खोगीर म्हणतात. यादगिरीनं पहिला बोआ पाहिला तेव्हा त्याला साप दिसलाच नाही, चादर दिसली.

दहा-बारा वर्षांत त्यानं केशर वाण तयार केला. अंग केशरी, त्यावर काळपट तांबडी, रेखीव खोगिरं. हा वाण मुंबई-बंगळूरपर्यंत लोकांच्या दिवाणखान्यांत पोचला, आणि पाळणाऱ्यांच्या संघटनेनं नक्षीचे निकष ठरवायला यादगिरीलाच बसवलं. त्यानं मोठ्या हौसेनं तक्ता काढला. खोगिरं किती असावीत, दोहोंत अंतर किती, कडा कशी. तळाला लिहिलं, 'खोगीर तुटलेलं, ठिपक्यांत विखुरलेलं, रंग विटका : डागी. वाणात ठेवू नये.' ठेवायचं नाही तर करायचं काय, हे लिहायची गरज नव्हती. परदेशी साप रानात सोडता येत नाही. डागी पिल्लं थंड पेटीत जात आणि तिथंच संपत. हे काम यादगिरी स्वतःच्या हातानं करी, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. आपण माल निवडून देतो, असं त्याचं म्हणणं.

डिसेंबरात पुण्याहून डॉ. शर्वाणी तामसे आली. एका संशोधन संस्थेत ती हृदयाच्या आजारांवर काम करायची. चाळिशीची, बोलायला फटकळ, आल्या आल्या खुर्ची ओढून बसणारी. तिनं एक फोटो पुढं सरकवला.

"काका, ही कुठल्या वाणाची?"

यादगिरीनं चष्मा लावला. विटक्या राखी अंगावर फुटक्या ठिपक्यांची आडवीतिडवी रांग होती. एक खोगीर धड नव्हतं.

"कुठल्याच नाही. डागी आहे. कुणी गळ्यात बांधली तुमच्या?"

"तुमच्याच केशर जोडीची लेक ही. जोडी आम्ही विकत घेतली, ही आमच्याकडे जन्मली. तीन वर्षं जगली, गेल्या महिन्यात न्यूमोनियानं गेली."

"जाणारच. कार्डच चुकलेलं."

"या चुकलेल्या कार्डानं दोन बायका वाचवल्यात," शर्वाणी म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं. बोआ महिन्या-दीड महिन्यानं एकदा खातो आणि अंगापेक्षा मोठं खातो. ते पचवायला त्याचं हृदय दोन दिवसांत तिपटीनं नाही तरी तिसऱ्या हिश्श्यानं वाढतं, आणि काम झालं की पुन्हा पहिल्यासारखं होतं. वाढतं म्हणजे सुजत नाही, नवा धडधाकट स्नायू धरतं. रक्तात त्या दोन दिवसांपुरता एक पदार्थ उतरतो, त्याची ही करामत. माणसाचं थकलेलं हृदय त्या पदार्थाला दाद देत नाही. फक्त एका प्रकारच्या बोआचा पदार्थ त्याला ओळखीचा वाटतो. ज्याच्यात केशरचा जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोनदा आलाय, त्या बोआचा. प्रयोगशाळेत तो पदार्थ बनवायला अजून काही वर्षं लागतील. तोवर सापच हवा.

"पण रंगाचा आणि काळजाचा काय संबंध?" यादगिरीनं विचारलं.

"गर्भ इवलासा असतो ना काका, तेव्हा पाठीच्या कण्यापाशी पेशींचा एक थवा असतो. त्यातल्या काही चालत कातडीत जातात आणि रंग होतात. काही हृदयाच्या तोंडाशी जातात. सख्ख्या बहिणी. केशरचा जनुक त्या थव्याच्या चालीवरच हात ठेवतो. म्हणून दोन्हीकडे फरक पडतो."

"रंगात पडेल. नक्षीत कशाला पडेल?"

"नक्षी आधी आखलेली नसतेच. रंगाच्या पेशी चालता चालता जिथं थांबतील, जिथं एकमेकींना ढकलतील, तिथं नक्षी पडते. चाल बदलली की नक्षी बदलणार. केशर एकदा असला की साप केशरी दिसतो आणि खोगिरं जरा उठून दिसतात. दोनदा असला की पेशी वाटेतच विखुरतात. रंग उडतो, खोगीर फुटतं." तिनं फोटोवर बोट ठेवलं. "हाच तुमचा अस्सल केशर. ज्याला तुम्ही केशर म्हणता तो अर्धा."

यादगिरीनं चष्मा काढला. मागावर कार्ड वेगळं आणि सूत वेगळं असतं. सापाच्या पोटात सूतच कार्ड पाडत जातं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि येणार कसं? सगळी हयात पुठ्ठ्याला भोकं पाडण्यात गेली होती.

"असे तुमच्याकडे किती आहेत?"

"एकपण नाही."

"जन्मलेच नाहीत?"

"जन्मले," तो म्हणाला. "केशर जोडीच्या प्रत्येक वेताला चार-पाच. शंभराच्या वर झाले असतील."

शर्वाणीनं तक्त्याकडे पाहिलं. तो भिंतीवर फ्रेम करून लावला होता. राज्यातल्या प्रत्येक पाळणाऱ्याच्या भिंतीवर तो होता, त्यामुळं बाकीच्यांकडं विचारायची सोयच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही बारा वर्षं, आणि फाशीचा हुकूम यादगिरीच्या सहीचा. त्यानं त्याच दिवशी तक्ता उतरवला. उतरवून काय होणार होतं म्हणा.

एक केशर मादी आणि एक केशर नर जोडीला लावलेलेच होते. शर्वाणी म्हणाली, या वेतात जी डागी निघतील ती सगळी मला द्या. दीड वर्ष वाढवू, मग दर पंधरवड्याला थोडं थोडं रक्त घेता येईल, साप मरणार नाही. वर्षानुवर्षं चालेल. यादगिरीनं शब्द दिला. मनापासून दिला, कारण एवढ्या पापातून थोडं तरी उतराई व्हावं असं त्याला खरोखर वाटत होतं.

मार्चमध्ये त्याची एकुलती एक लेक स्रवंती बाळंत झाली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी स्रवंतीचे पाय सुजले, आठव्या दिवशी तिला श्वास घेता येईना. काही बायकांच्या हृदयाचा स्नायू बाळंतपणात सैल पडतो, डॉक्टर म्हणाले. बहुतेकींचा आवळून येतो. स्रवंतीचा येईना. औषधं झाली, यंत्र झालं. हृदय बदलायच्या यादीत नाव लागलं, पण जुळणारं हृदय कधी मिळेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. जावई सुदर्शन रात्रंदिवस दवाखान्यात, आणि तान्ही पोर आजीच्या, म्हणजे यादगिरीच्या बायकोच्या, राजमणीच्या मांडीवर.

"तीन आठवडे," मोठ्या डॉक्टरांनी एप्रिलच्या सुरुवातीला यादगिरीला सांगितलं. "फार तर चार."

तो खोलीत गेला तेव्हा स्रवंती पलंगाची पाठ वर करून बसली होती. आडवं झालं की जीव कोंडायचा. अंगावर हाडं उरली होती. एका वाक्याला ती दोनदा थांबायची.

"नाना, मादी कधी विणार?"

"झालं, आठ-दहा दिवस."

"शर्वाणीताई येऊन गेल्या. मीच विचारलं... त्यांनी सगळं सांगितलं. एका माणसाला एक डोस पुरतो म्हणे. पिल्लांचं रक्त एवढंसं... डोसला तीन पिल्लं लागतात, आणि ती जिवंत राहत नाहीत."

"तू बोलू नको. दम लागलालाय तुला."

"ऐका की. तुम्ही काय विचार करलालाव ते कळतंय मला. माझ्यासाठी ती मारायची नाहीत. वाढली तर कितीजणी... माझी शपथ घ्या, नाना."

"घेतली," यादगिरी म्हणाला.

आयुष्यात तो लेकीशी कधी खोटं बोलला नव्हता. या वेळी बोलला आणि जिना उतरेपर्यंत विसरलाही. डोक्यात एकच आकडेमोड चालली होती. वीस-पंचवीस पिल्लं होतील. चारांत एक डागी. म्हणजे सहा. तीन स्रवंतीला, तीन शर्वाणीला. सगळ्यांचं भागेल, कुणाचाच शब्द मोडणार नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा.

तेरा एप्रिलला भर दुपारी मादी व्यायली. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं, शेडच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. राजमणी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली. नातीला तिनं शेजारणीकडं ठेवलं होतं. एकेक पिल्लू पातळ पडद्यात गुंडाळलेलं बाहेर येत होतं आणि नाकानं पडदा फोडत होतं. यादगिरी ते उचलून पाण्यात बुचकळी आणि पाठ पाही. साधं तपकिरी. केशरी. केशरी. साधं. इतकी वर्षं डागी दिसलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. आता विटक्या पाठीसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"हे बघा, हे!" राजमणी म्हणाली. राखी अंग, फुटके ठिपके. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरं. मग अगदी शेवटाकडं तिसरं, बाकीच्यांपेक्षा बारीक.

मादीनं अंग सैल सोडलं. तेवीस पिल्लं झाली होती.

"अजून असतील की पोटात," राजमणी म्हणाली.

यादगिरीनं मादीच्या पोटावरून हात फिरवला. पोट रिकामं होतं.

"तीनच," तो म्हणाला.

चारांत एक हा हिशेब हजारोंच्या गर्दीत खरा ठरतो. एका मादीच्या पोटाला तो ठाऊक नसतो. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आजवर शंभरदा पाहिलं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते, आणि त्याच्याएवढा गरजवंत त्या दुपारी सोलापुरात दुसरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शर्वाणी आली. पिल्लांना तिनं वजनकाट्यावर ठेवलं, कागदावर काहीतरी मांडलं आणि खोडलं.

"आज काढता येणार नाही?" यादगिरीनं विचारलं.

"पी हळद अन् हो गोरी असं नसतं काका. दहा दिवसांनी कात टाकतील. टाकलेल्या कातीवरून जनुक तपासू. मग पहिलं खाणं. खाल्ल्यावर अठ्ठेचाळीस तासांनी रक्तात तो पदार्थ येतो. त्याआधी काढलं तर नुसतं रक्त." तिनं पिल्लं पुन्हा पेट्यांत ठेवली. "आणि काढायचंच का, ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही शब्द दिलाय."

"तेव्हा माझी लेक बरी होती."

"तेव्हाही कुणाची तरी लेक आजारीच होती."

यादगिरीनं पिल्लांच्या पेट्यांवर झाकण लावलं.

ते बारा दिवस त्यानं शेडमध्ये काढले. दवाखान्यात जायचं, लेकीचा हात धरायचा, मॉनिटरवरचा आकडा पाहायचा आणि परत पेट्यांपाशी येऊन बसायचं. डागी पिल्लू दोन दिवसांपलीकडं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहत होता. त्यांच्या अंगावर ऊन पडलं की राखी रंगाखालून मोत्यासारखी झाक यायची. ठिपके कुठंही सांडल्यासारखे वाटायचे, पण तिन्ही पिल्लांवर ते मानेपाशी दाट होते आणि शेपटीकडं विरळ होत गेले होते. म्हणजे त्यालाही एक रीत होती. त्याला ती कळायला साठ वर्षं लागली होती. ती सुंदर आहेत असं त्याच्या मनात आलं आणि त्याला भयंकर राग आला. कुणाचा, ते त्याला सांगता आलं नसतं.

कात पडली. पुण्याहून निरोप आला, तिन्ही दुहेरी केशर. पहिल्या दोघांनी इवले उंदीर लगेच गिळले. तिसरं, ते बारीक, तोंड फिरवून बसलं. यादगिरीनं उंदीर कोमट करून पाहिला, हलवून पाहिला, पेटी अंधारी करून पाहिली. स्रवंतीच्या मूत्रपिंडांनी त्या दिवशी काम सोडायला सुरुवात केली होती. तो पेटीपुढं गुडघ्यांवर बसला आणि चक्क हात जोडले.

"खा रे बाळा," तो म्हणाला. "खा."

ज्याला मारायचं त्यालाच तो बाळा म्हणत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लानं उंदीर गिळला.

दोन दिवसांनी शर्वाणी बर्फाची पेटी घेऊन आली. बरोबर कुणी नव्हतं. यादगिरी आणि राजमणी शेडमध्येच उभे होते.

"काका, एक ठेवा," ती म्हणाली. "फक्त एक. ते बारीक ठेवा."

"दोनांत ती वाचेल?"

"सांगता येत नाही. वजन बेचाळीस किलोवर आलंय तिचं. कदाचित पुरेल. निम्मी आशा धरा."

"आणि तिनांत?"

"तिनांत जास्त. बरीच जास्त."

"मग विचारता कशाला?"

"कारण माझ्याजवळ अठ्ठावन्न नावांची यादी आहे. एक पिल्लू जगलं तर दीड वर्षात डोस सुरू होतील. हिवाळ्यातल्या न्यूमोनियाच्या साथीत बाकीचे मोठे केशर गेले, तुमची मादी पुन्हा विणार नाही. तिन्ही गेली तर या केशरी पिल्लांना वाढवून, जोडीला लावून, त्यांची डागी पिल्लं पुन्हा दीड वर्ष वाढवायची. पाच वर्षं, काका. मधल्या साडेतीन वर्षांत किती मरतील, मी मोजून सांगू?"

"नका सांगू."

"माझ्या लेकीचं नाव आहे का त्या यादीत?" राजमणीनं विचारलं.

"खाली आहे. नंतर आलेलं."

"मग अठ्ठावन्न मला कशाला सांगता बाई? मला ती एकच दिसते."

शर्वाणी यादगिरीकडं वळली. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मोडला," यादगिरी म्हणाला. "शंभर मारली मी, विचार न करता. ही तीन विचार करून मारतो. मला जे म्हणायचं ते म्हणा. पण आता वेळ घालवू नका."

साप त्याचे होते, कायद्यानं आणि कागदानं. शर्वाणी निघून गेली असती तर त्यानं स्वतः केलं असतं, आणि थेंब-थेंब वाया घालवला असता. तिनं हातमोजे चढवले.

"मी करते," ती म्हणाली. "तुम्ही केलंत तर तिन्ही फुकट जातील. धरा."

तिनं आधी भुलीचं औषध दिलं, तेवढी दया होती. यादगिरीनं एकेक धरलं. तिसरं त्याच्या तर्जनीला वेढा घालून बसलं होतं. भूल चढली तसा वेढा सैल झाला. तो रडत होता आणि ते त्यानं लपवलं नाही. राजमणी मात्र रडली नाही. ती रक्त निवळून कुपीत जमणाऱ्या पिवळसर पाण्याकडं पाहत होती, आणि ते कुठवर चढतं याच्याकडंच तिचं सगळं लक्ष होतं.

संध्याकाळच्या आत डोस स्रवंतीच्या शिरेत गेला. चार दिवस काही घडलं नाही. पाचव्या दिवशी लघवी सुटली. नवव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आपल्या विद्यार्थ्यांना बोलावून मॉनिटर दाखवला. महिनाभरात स्रवंती घरी आली, स्वतःच्या पायांनी तीन पायऱ्या चढून.

"पिल्लं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"पुण्याला वाढलालीत," यादगिरी म्हणाला. "तुझ्यासाठी थेंब थेंब काढलं. काही झालं नाही त्यांना."

तिनं विश्वास ठेवला. बापावर ठेवायचा नाही तर कुणावर? राजमणीनं तोंड उघडलं नाही. सुदर्शनला कुणी सांगितलं नव्हतं. शर्वाणीचा फोन आला की यादगिरी शेडमध्ये जाऊन घेई. ती कामापुरतं बोले, केशरी पिल्लांची वजनं विचारी आणि ठेवून देई. काका म्हणायचं तिनं सोडलं होतं.

ऑक्टोबरात, नवरात्र संपल्यावर, सकाळी दहाच्या सुमाराला एक माणूस दारात आला. तिशीचा, उन्हानं रापलेला, बगलेत दवाखान्याची फाइल. स्रवंती पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. यादगिरी आत पेपर वाचत होता.

"दोंता साहेब इथंच राहतात का, ताई? मी बार्शीहून आलोय. हणमंत काशीद."

"या की. नाना, कुणीतरी आलंय."

माणूस आत आला, पण बसला नाही. त्यानं फाइल दोन्ही हातांनी पुढं केली.

"माझी मंडळी आहे साहेब. चोवीस वर्षांची. बाळंत झाली अन् काळीज सुटलं म्हणत्यात. डॉक्टर म्हणले, केशरचं औषध लागतं, ते फक्त दोंतांच्या सापाचं."

"ते पुण्याला मिळतं," स्रवंतीनं लगबगीनं सांगितलं. "शर्वाणी तामसे मॅडमकडं. तिथं आमची पिल्लं आहेत. थोडं थोडं काढतात, मलाही दिलं होतं. बघा, मी ठणठणीत आहे की नाही? मी फोन करते त्यांना. आत्ता करते."

"पुण्यावरनंच आलोय ताई. तिथं एकबी साप नाही. मॅडम म्हणल्या पाच वर्षं थांबा." तो कसनुसा हसला. "डॉक्टर म्हणत्यात पाच आठवडे. म्हटलं, मूळ मालकाकडं एखादं मागं राहिलं आसंल. मारकं आसलं, आजारी आसलं तरी चालंल."

स्रवंतीनं वळून बापाकडं पाहिलं.

"नाना?"

यादगिरीच्या हातातला पेपर खाली आला होता. खोटं बोलायला एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते त्याला सुचेना.

"नाही राहिलं," तो त्या माणसाला म्हणाला. "एकपण नाही. खरंच नाही."

हणमंतनं मान हलवली. त्याला जणू हेच ऐकायचं होतं, फक्त आणखी एका तोंडून. फाइल त्यानं पुन्हा बगलेत घेतली. जाता जाता स्रवंतीच्या पोरीच्या गालाला बोट लावलं.

"किती महिन्यांची?"

"सात," स्रवंती म्हणाली.

"आमचा मुलगा आहे. दीड महिन्याचा." आणि तो पायऱ्या उतरला. स्रवंतीनं त्याला बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. तिला ते सुचलंच नाही.

राजमणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. स्रवंतीनं पोर तिच्याकडं दिली आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"किती होती?"

"तीन."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"एक ठेवता आलं असतं?"

यादगिरीनं मान हलवली. ठेवता आलं असतं.

"मी शपथ घातली होती तुम्हाला."

"हो."

"त्याची बायको... चोवीस वर्षांची, नाना. आता तिला... तुम्हाला वाईट वाटत नाही?"

"वाटतं," तो म्हणाला. "रोज वाटतं. पण उद्या पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा तेच करीन. माझ्याकडं दुसरं उत्तर नाही, बाळा."

स्रवंती मटकन खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. पोटातून हुंदके येत होते. राजमणीनं जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. ती पाच मिनिटं रडली, दहा मिनिटं रडली, मोठ्यानं, एकसारखी. यादगिरी समोर उभा होता. इतका वेळ रडूनही तिला दम लागत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची इतकी लाज वाटली की त्याला तिथं उभं राहवेना.